तांबडीची उजवी बाजू

तबेल्यात ही हकीकत ज्या रूपात सांगितली जाते, ते थोडक्यात असे: एक घोडी बिथरली होती, कुणालाही जवळ येऊ देत नव्हती, ताईंनी एका रात्रीत तिच्या नाकपुडीत फुंकर घालून तिला माणसात आणले. मी ही गोष्ट तिघांकडून ऐकली. फुंकर डाव्या नाकपुडीत घातली की उजव्या, यावर तिघांचे एकमत नव्हते. फुंकर घातलीच, यावर मात्र होते. अशा ठिकाणी मला नेहमी शंका येते.

ताईंना विचारले तेव्हा त्या हसल्या. "फुंकर घातली असती तर तिनं माझं नाक जागेवर ठेवलं असतं का?" असे म्हणत त्यांनी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली आणि एक वही माझ्यापुढे ठेवली. साधी, रेघांची वही. बारा दिवसांच्या नोंदी, दोन रंगांची शाई, शुद्धलेखन बेताचे. पुढचे निवेदन मुख्यतः या वहीवर आणि ताईंच्या सांगण्यावर आधारले आहे. दोहोंत जिथे मेळ बसत नाही तिथे मी वहीची बाजू घेतली आहे, आणि ताईंची त्याला हरकत नाही. "तेव्हाच्या मला जास्त माहीत होतं," असे त्या म्हणतात.

ताई आज चौसष्ट वर्षांच्या आहेत. घोडेस्वारी शिकवणाऱ्या एका संस्थेच्या तबेल्यात त्यांनी आयुष्याची निम्मी वर्षे मोतद्दार म्हणून काढली. म्हणजे घोड्यांचे खाणेपिणे, खरारा, खुरांची साफसफाई, दुखलेखुपले सारे पाहिले. त्याआधी मात्र त्या फक्त स्वार होत्या. तेही भावाच्या कृपेने. थोरल्या भावाचे नाव वडिलांनी संस्थेत घातले. पहिल्याच दिवशी घोडा त्याच्या तोंडाशी शिंकला आणि त्याची पाचावर धारण बसली. "आता नाव घातलंच आहे, तर वाया कशाला घालवायचं?" असे म्हणून आईने दहा वर्षांच्या धाकटीला पाठवून दिले. एकतिसाव्या वर्षापर्यंत या धाकटीने सतरा चषक मिळवले होते. ताई "वीसेक" सांगतात. मी कपाट उघडून मोजले आहेत.

त्यातल्या शेवटच्या काही वर्षांत तांबडी नावाची घोडी जणू ताईंसाठीच राखलेली असे. उंच, लाल-तपकिरी, उड्या मारण्यात पटाईत. ताई ठरल्या वेळी येत, खोगीर घालत, बसत, उतरत आणि लगाम मोतद्दाराच्या हाती देऊन घरी जात. मोतद्दार वयस्कर होते. सगळे त्यांना काका म्हणत. संस्थेतले अकरा घोडे काका कसे सांभाळतात, हे पाहायला ताई एकवीस वर्षांत एकदाही थांबल्या नव्हत्या. हे मला त्यांनीच सांगितले, आणि सांगताना आवाज जराही मऊ केला नाही.

मग काकांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया निघाली. एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्याला आधीच अंधूक. महिनाभर खाटेवरून उठायचे नाही, वाकायचे तर मुळीच नाही, अशी ताकीद. बदली माणूस मिळेना. तेव्हा व्यवस्थापकांनी ठरवले, की नेहमीच्या स्वारांनी आपापला घोडा पाहावा. जाताना काका प्रत्येकाला एकच गोष्ट बजावून गेले: "खरारा दोन्ही बाजूंनी." ही सूचना नवशिक्यांसाठी असावी असे ताईंना वाटले.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. घोड्याशी जे काही करायचे ते डावीकडून करण्याचा स्वारांचा जुना शिरस्ता आहे. डावीकडून चढायचे, डावीकडून उतरायचे, लगाम डावीकडून धरायचा. खोगिराचा पोटाखालून जाणारा पट्टा, म्हणजे तंग, तोही डावीकडूनच आवळायचा. उजवीकडची बक्कल एकदा लावली की महिनोन्महिने तिला कुणी हात लावत नाही. त्यातून या तबेल्यातले खण अरुंद. आत शिरायची जागा घोड्याच्या डाव्या अंगाला. उजवीकडे हातभर अंतरावर भिंत. काका पोट आत ओढून त्या फटीत रोज शिरत. ताई शिरल्या नाहीत. वाटेवरून दिसणारी बाजू त्या आरशासारखी चमकवत आणि पलीकडे पाठीवरूनच दोन हात फिरवून मोकळ्या होत.

उजवीकडच्या बकलेखाली तंगाचे अस्तर दुमडले होते. पुढच्या पायाच्या मागे, कातडी जिथे सर्वांत पातळ असते तिथे, ती घडी रोज घासत राहिली. हिवाळ्याचे दाट केस वर होते, त्यामुळे लांबून काही दिसले नाही. काका रजेवर गेल्याच्या दहाव्या दिवशी ताई त्याच घोडीवर बसून उड्यांची स्पर्धा जिंकल्या. तो सतरावा चषक. तो अजून कपाटात आहे. मात्र सर्वांत मागच्या रांगेत.

बाराव्या दिवशी तंग आवळताना तांबडीने मान वळवून ताईंच्या दंडाचा चावा घेतला. नुसती भीती घालायला दात लावावेत तसा नव्हे. खूण महिनाभर राहिली. उजव्या बाजूने सावरायला धावलेल्या एका स्वाराला लाथ बसता बसता राहिली. घोड्यांचे डॉक्टर आले, घोडीला अंगणात काढले, आणि दहा पावलांवरूनच म्हणाले, "उजवीकडे बघा. बघितलंय का कुणी?"

तळहाताएवढी जखम होती. कडा सुजलेल्या, आत पू. धुऊन मलम लावण्यासाठी नाकाला दोरीचा फास घातला, दोघांनी धरले. तांबडीने दोर तोडला आणि त्या झटापटीत भिंतीला घासून जखम आणखी मोठी करून घेतली. डॉक्टरांनी हात धुतले आणि ताईंच्या मते त्या दिवसातले सर्वांत शहाणे वाक्य उच्चारले: "असंच बांधून रोज करा हवं तर. जखम बरी होईल, घोडी बिघडेल." तात्पुरती म्हणून त्यांनी दाण्यात मिसळायची पूड दिली. पण ती पूड दुखणे फक्त थोपवून धरणार होती. जखम रोज धुणे भाग होते, आणि तांबडी तर उजवीकडे माणूस दिसला की गर्रकन वळत होती.

व्यवस्थापक माणूस वाईट नव्हते, पण त्यांचा हिशेब सरळ होता. "बारा दिवसांनी डॉक्टर पुन्हा येतील. तोवर तिनं दोराशिवाय हात लावू दिला तर ठीक. नाहीतर मी व्यापाऱ्याला कळवतो. मला तबेला चालवायचाय, इस्पितळ नाही." तो व्यापारी स्वारीसाठी नव्हे, कातड्यासाठी घोडे नेत असे, हे संस्थेत सर्वांना ठाऊक होते.

त्याच संध्याकाळी ताई काकांच्या घरी गेल्या. कपडे धुण्याच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या; लाकडी जिना, आणि भिंतींना मुरलेला इस्त्रीच्या वाफेचा वास. काका उताणे पडलेले, डोके हलू नये म्हणून दोन्ही कानांशी वाळूच्या पिशव्या. ताईंनी सगळे सांगितले. म्हणजे जवळजवळ सगळे. काकांनी ऐकून घेतले आणि विचारले, "तू उजवीकडून गेलीस तेव्हा तिचा डावा कान कुठं होता?"

"कान? मी जखम बघत होते, काका."

"खालचा ओठ?"

"...नाही बघितला."

"शेपूट दाबलेली की सैल?"

तेही ताईंनी पाहिले नव्हते.

"मग उद्या ये," काका म्हणाले. "बघून ये. मला तर दिसत नाही. तूही बघणार नसशील, तर दोन आंधळे मिळून काय दिवा लावणार?"

"अहो, पोरीला चहा तरी पिऊ द्या," काकू आतून म्हणाल्या. "लोक उंटावरून शेळ्या हाकतात. आमच्याकडे खाटेवरून घोडी हाकताहेत!"

वही दुसऱ्या दिवशी सुरू होते. कारण साधे होते: संध्याकाळी काका विचारणार, आणि तोवर लक्षात राहणार नाही. पहिली नोंद अशी: "एक तास खणाबाहेर बसले. काही केलं नाही. डावा कान माझ्याकडे. उजवा मागे, भिंतीकडे. ओठ घट्ट, चिमटीत धरल्यासारखा. कुणी उजवीकडच्या फटीकडे सरकलं की पोटाची कातडी थरथरते, हात न लावता." मी ही वही पुनःपुन्हा वाचली आहे. दिवसागणिक वाक्ये लांबत जातात आणि 'केलं'पेक्षा 'पाहिलं' हे क्रियापद अधिक येऊ लागते. बदल नेमका कुठे झाला असे कुणी विचारले, तर मी त्या क्रियापदांकडे बोट दाखवीन.

काकांनी नोंद दोनदा वाचायला लावली. मग म्हणाले, "खणात नको. तिथं तिला पळायला जागा नाही, म्हणून लाथ मारते. अंगणात सोड. तू उजवीकडे, दहा पावलं लांब. तिनं तुझ्याकडे बघितलं की तू निघून जा."

"मी जायचं?"

"का? तू कधी गेलीस तिच्यापासून? एकवीस वर्षं घोड्यांना जायला लावलंस."

दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या दिवशी ताई अंगणात हेच करत राहिल्या. घोडीने पाहिले की पाठ फिरवायची, चालू लागायचे. बाकीचे स्वार कठड्यावर रेलून मजा बघत. "घोडं नक्की कुठं पेंड खातंय?" एकाने विचारले. दुसरा म्हणाला, "घोडं नाही हो, बाईच पेंड खाताहेत." सतरा चषकांच्या मानकरी बाई अंगणात घोडीकडे पाठ करून चालताहेत, हे दृश्य त्यांनी पुष्कळ दिवस पुरवून पुरवून वापरले. पण चौथ्या दुपारी ताई निघाल्या तेव्हा मागून खुरांचा आवाज आला. वहीत एवढेच आहे: "चार पावलं माझ्यामागे आली. चार. मी वळले नाही. वळावंसं फार वाटलं."

पाचव्या दिवशी हातभर अंतर उरले. सहाव्या दिवशी ताईंना दिवस मोजण्याची दुर्बुद्धी झाली. निम्मे संपले, अजून हात लागला नाही. त्यांनी सरळ हात पुढे केला, थेट जखमेच्या कडेला. तांबडी गर्रकन वळली आणि तिचा पुढचा पाय ताईंच्या पायावर पडला. अंगठा मोडला.

काकांना हे सांगायचे नाही, असे त्यांनी ठरवले होते. चपला काढून आत येताच काका म्हणाले, "लंगडतेस."

"कुणी सांगितलं?"

"जिन्यानं."

मग सांगावेच लागले. काका म्हणाले, "घाई कुणाला होती? तिला की तुला?"

"व्यवस्थापकांना."

"मग व्यवस्थापकांचा पाय का नाही चिरडला?"

काकूंना हसू आवरेना. काकांना हसायची मनाई होती, डोळ्याला धक्का बसतो म्हणून, आणि ते ओठ आवळून कसेबसे पडून राहिले. हसणे ओसरले तेव्हा ताईंनी पहिल्या दिवशी गाळलेली गोष्ट सांगून टाकली. स्पर्धेच्या सकाळी तंग आवळताना तांबडीने कान पाडले होते, मान झटकली होती, एक पाय आपटला होता. ताईंना वाटले नखरे करते आहे. त्यांनी मानेवर एक चापट दिली आणि तंग आणखी एक भोक घट्ट केला.

ताई सांगतात, की त्यांना बोलणी खायची तयारी होती. किंबहुना ती हवीच होती. काका म्हणाले, "म्हणजे तिनं सांगितलं होतं."

"हो."

"आणि अजून सांगते आहे. चावली, वळली, पाय दिला. हे चांगलं लक्षण आहे पोरी. सांगायचं सोडून दिलेले घोडे मी पाहिलेत. काहीही करा, गप्प उभे राहतात. लोक म्हणतात, किती शहाणा घोडा! त्यांच्यासाठी मग फारसं काही करता येत नाही. तुझी घोडी अजून तुझ्याशी भांडते आहे. उपकार समज."

सातव्या दिवसाच्या नोंदीच्या वर ताईंनी काकांचा एक नियम लिहिला आहे आणि त्याखाली दोनदा रेघ मारली आहे: "ती हलण्याआधी हात काढायचा." पुढे काकांचे स्पष्टीकरण, त्यांच्याच शब्दांत: "ती हलल्यावर काढलास तर ती शिकेल, की हलून माणूस हाकलता येतो. आधी काढलास तर शिकेल, की उभं राहिलं की माणूस आपणहून जातो." त्यासाठी ती हलणार हे आधी कळायला हवे, आणि ते कळण्याचे मार्ग वहीत आतापर्यंत जमा झाले होते: ओठ आवळला जातो, श्वास थांबतो, डोळ्याच्या वर एक सुरकुती त्रिकोणासारखी उभी राहते. सातव्या दिवशी खांद्यावर उलटा हात, तीन श्वास. आठव्या दिवशी खांद्यापासून खाली वीतभर. नवव्या दिवशी ओले फडके, जखमेपासून चार बोटे दूर. दहाव्या दिवशी जखमेच्या कडेला, एकच श्वास. नोंद: "तिनं माझ्या पाठीवर हनुवटी टेकवली. वजन बरंच असतं." अकराव्या दिवशी पाऊण जखम धुतली गेली आणि एक भांडे सांडून सगळे बिनसले, तांबडीने संध्याकाळपर्यंत जवळ येऊ दिले नाही.

बाराव्या दिवशी सकाळी साडेनऊला डॉक्टर आले. अंगणात व्यवस्थापक, डॉक्टर आणि कठड्यावर नेहमीची मंडळी. ताईंच्या हातात कोमट मिठाचे पाणी, फडके, मलम. त्या उजवीकडून निघाल्या. पाच पावलांवर तांबडीचा ओठ आवळला. ताई थांबल्या आणि मागे सरल्या.

"काय झालं?" व्यवस्थापकांनी विचारले.

"काही नाही."

पुन्हा पुढे, पुन्हा मागे. कठड्यावर कुजबुज सुरू झाली. व्यवस्थापकांनी घड्याळाकडे पाहिले. एवढी गर्दी घोडीला खपत नव्हती, हे ताईंना कळत होते, पण तिला जागा देण्याखेरीज त्यांच्याकडे दुसरा उपाय नव्हता. चौथ्यांदा त्या मागे सरल्या तेव्हा व्यवस्थापक डॉक्टरांना म्हणाले, "बस्स झालं, माझ्या मते." डॉक्टरांनी नुसता हात वर केला.

ताई अंगणाच्या मध्यावर उभ्या राहिल्या. तांबडीकडे न बघता. किती वेळ, याबद्दल एकमत नाही: निवृत्त व्यवस्थापकांनी मला "पाचेक मिनिटं" सांगितली, वहीत बावीस लिहिली आहेत, आणि डॉक्टरांच्या त्या दिवशीच्या टिपणात पुढच्या ठिकाणी उशीर झाल्याचा उल्लेख आहे. मी बावीसच धरतो. त्यानंतर घोडीने मान खाली सोडली, तोंड चघळल्यासारखे केले, चालत आली, ताईंच्या अगदी जवळ थांबली आणि दोन पावले आडवी सरकून उजवी कूस त्यांच्या पुढे आणली.

जखम पूर्ण धुतली. मलम लावले. मध्ये दोनदा ताईंनी हात काढला, दोनदा पुन्हा ठेवला. डॉक्टर जवळ आले नाहीत, लांबूनच पाहून म्हणाले, "झालं. बाकी तुमचं तुम्ही करा. महिनाभर, दोन वेळा."

व्यवस्थापक जरा वेळाने म्हणाले, "ते सगळं ठीक. पण केवढा खोळंबा हा! सकाळ-संध्याकाळ एवढा वेळ देणार कोण?"

"मी."

"आणि सरावाच्या वेळा? पुढच्या महिन्यात मोठी स्पर्धा आहे."

"ती दुसऱ्या कुणाला तरी द्या."

व्यवस्थापकांनी घोडीकडे एकदा पाहिले. मग म्हणाले, "बरं." व्यापाऱ्याला निरोप गेला नाही.

महिना संपला तरी ताई सकाळी येतच राहिल्या, कारण तोवर इतर दहा घोड्यांच्या उजव्या बाजूही त्यांनी पाहिल्या होत्या आणि तीन ठिकाणी काम निघाले होते. काका चष्मा लावून परतले, पण वाकण्याचे काम त्यांना जमेना. ते बादली उलटी घालून वर बसत आणि तोंडी कारभार चालवत. संस्थेच्या कागदपत्रांत ताईंच्या नेमणुकीचे पत्र आहे. त्यात हुद्दा 'मोतद्दार (तात्पुरती)' असा दिला आहे. कंसातला तो शब्द पुढची तीस वर्षे कुणी काढला नाही.

ताईंनी काकांचे आभार मानले होते का, हे मी विचारले. "एकदाच," त्या म्हणाल्या. "तर म्हणाले, माझे कसले आभार? मोडला तो तुझा अंगठा, आणि ऐकलं ते घोडीनं." मग त्या म्हणाल्या, "पण मी रोज मानते. त्यांचे मानते, काकूंच्या चहाचे मानते. आणि तिचे तर फार. मी काय केलं होतं ते तिला ठाऊक होतं. तरी ती बाजू तिनं स्वतः आणून माझ्यापुढे ठेवली. मी तिच्या जागी असते तर ठेवली असती का, सांगता येत नाही."

हे शेवटचे वाक्य मला पडताळता येण्यासारखे नाही. तेवढे एक मी तसेच ठेवले आहे.

तांबडी त्यानंतर अकरा वर्षे त्याच तबेल्यात राहिली. पहिले वर्षभर तिच्यावर कुणी बसले नाही. नंतर नवशिक्यांना तिच्यापाशी आणून आधी फक्त उभे राहायला शिकवले जाई. जखमेच्या जागी केस उगवले ते पांढरे, तळहाताएवढा एक ठिपका. घोड्याच्या अंगावर जुन्या जखमेची खूण बहुधा अशीच राहते. उजवीकडून जायला शिकलेला प्रत्येक नवा विद्यार्थी तो पाहून विचारी, "ही खूण जन्मतःची का हो?"

"नाही," ताई सांगत, "ती मी केलेली आहे." आणि तंग हातात घेऊन, बकलेखाली अस्तर कुठे दुमडते ते त्याला बोट घालून दाखवत.